जागा सोडून गेलेल्या भाडेकरूंची देणी : काही उपयुक्त माहिती



देवस्थानाच्या वाड्यातील खोल्या आणि रस्त्याकडील दुकाने यांच्या भाड्यातून नित्यपूजा, नैवेद्य, दिवाबत्ती, पुजाऱ्यांचे मानधन व वार्षिक उत्सव यांचा खर्च बऱ्याच अंशी भागतो. इंदूरमधील अनेक जुन्या मराठी देवस्थानांची व्यवस्था याच स्वरूपाची आहे. भाडेकरू येतात, काही वर्षे राहतात आणि निघून जातात. जाताना काहींची देणी मागे राहतात. कुणाचे भाडे थकलेले असते, कुणी विजेचे बिल न भरता जातो, तर कुणाच्या नावाची बँकेची पत्रे नंतर दोन-दोन वर्षे त्याच दारात येऊन पडतात. अशा वेळी नव्या भाडेकरूस काळजी वाटते आणि आमच्या कार्यालयात प्रश्नांची रीघ लागते. जुन्या भाडेकरूंची मुलेही कधी कधी विचारावयास येतात की वडिलांचे राहिलेले भाडे त्यांनी द्यावयाचे किंवा कसे. इतर न्यासांचे कार्यवाहही हा विषय काढतात. म्हणून त्यासंबंधीची माहिती येथे एकत्र देत आहोत.

प्रारंभीच एक खुलासा करणे आवश्यक आहे. खाली ज्या कायद्यांचा उल्लेख आहे त्यांपैकी मुदत, करार, वीज आणि दिवाणी दावे यांचे कायदे देशभर एकच आहेत. भाडेनियंत्रणाचा कायदा मात्र प्रत्येक राज्याचा निराळा असतो. येथे जे लिहिले आहे ते मध्य प्रदेशापुरते समजावे. बडोदे, बेळगाव अथवा हैदराबाद येथील वाचकांनी तेवढा भाग आपल्या राज्याच्या कायद्याशी ताडून पाहावा. रक्कम मोठी असेल तर वकिलांचा सल्ला घेण्यास पर्याय नाही.

देणे माणसाचे की जागेचे?

या विषयातील निम्मा गोंधळ हा एकच प्रश्न न विचारल्यामुळे होतो. देणे हे ज्याने केले त्याचे असते. तो घर सोडून गेला तर देणेही त्याच्याबरोबर जाते, मागच्या भिंतींना ते चिकटून राहत नाही. एखाद्याने कर्ज काढून मोटारसायकल घेतली, किराणा दुकानात उधारी केली, पतसंस्थेचा हप्ता चुकविला, तर त्याच्यानंतर त्या खोलीत राहावयास आलेल्या माणसाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

याला अपवाद आहेत, पण ते थोडे आहेत. नगर निगमाचा संपत्तीकर हा मालकाकडून, म्हणजे येथे न्यासाकडून, वसूल होतो. नर्मदेच्या नळाची जोडणी मालकाच्या नावे असेल तर जलकराचेही तसेच. भाडेकरूने तो भरावयाचा असे करारात ठरले असले, तरी ती गोष्ट आपसांतली. निगम आपल्याच दारी येणार, आणि आपण भरलेली रक्कम भाडेकरूकडून मागून घ्यावयाची. तिसरा आणि सर्वांत त्रासाचा अपवाद विजेचा आहे. त्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

थकलेले भाडे आणि तीन वर्षे

भाडेकरू निघून गेला म्हणून त्याचे थकलेले भाडे माफ होत नाही. परंतु ते मागण्याचा काळ मर्यादित आहे. मुदतीच्या कायद्याच्या, म्हणजे लिमिटेशन अ‍ॅक्ट १९६३ च्या, परिशिष्टातील अनुच्छेद ५२ नुसार थकलेल्या भाड्याचा दावा, ते भाडे देय झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. हे तीन वर्षांचे गणित भाडेकरू जागा सोडून गेला त्या दिवसापासून मोजावयाचे, असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. प्रत्येक महिन्याच्या भाड्याची मुदत स्वतंत्रपणे चालते आणि स्वतंत्रपणे संपते.

उदाहरण घेऊ. समजा एका खोलीचे भाडे दरमहा १,५०० रुपये असून ते त्या त्या महिन्याच्या ५ तारखेस देय आहे. भाडेकरूने जून २०२२ ते जानेवारी २०२४ असे वीस महिने भाडे दिले नाही आणि जानेवारीअखेर तो निघून गेला. एकूण थकबाकी ३०,००० रुपये झाली. न्यासाने १ डिसेंबर २०२५ रोजी दावा दाखल केला, तर जून ते नोव्हेंबर २०२२ या सहा महिन्यांचे ९,००० रुपये मुदतीबाहेर गेले. उरलेल्या चौदा महिन्यांचे २१,००० रुपये तेवढे मागता येतील. आणखी सहा महिने ‘पाहू, करू’ म्हणत घालविले, तर आणखी ९,००० रुपये गेले.

हेच भाडेकरू १ ऑक्टोबर २०२४ रोजी भेटले आणि त्यांनी ‘माझ्याकडून वीस महिन्यांचे ३०,००० रुपये येणे आहे’ असे कागदावर लिहून सही केली, तर कायद्याच्या कलम १८ प्रमाणे त्या दिवसापासून सर्व रकमेची मुदत नव्याने सुरू होते. मात्र अशी लेखी कबुली जुनी मुदत संपण्यापूर्वी दिलेली असली पाहिजे. तोंडी कबुलीला येथे काही किंमत नाही. कलम १९ प्रमाणे काही रक्कम भरली तरीही मुदत नव्याने सुरू होते, पण भरणा केल्याची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात अथवा त्याच्या सहीने झालेली हवी. आपल्याकडील जुन्या पावतीपुस्तकांत घेणाऱ्याची सही असते, देणाऱ्याची नसते! देवस्थानांच्या वसुलीत ही उणीव सर्वत्र आढळते. पावतीच्या स्थळप्रतीवर भाडेकरूची सही घेण्यास अर्धे मिनिट लागते.

भाडेकरूने काही रक्कम दिली आणि ती कोणत्या महिन्यापोटी हे सांगितले नाही, तर करार अधिनियम १८७२ च्या कलम ६० प्रमाणे ती कोणत्या येण्यात जमा करावयाची हे ठरविण्याचा अधिकार घेणाऱ्यास आहे. मुदतीबाहेर गेलेल्या महिन्यांकडेही ती वळविता येते. त्याने महिना सांगितला असेल तर मात्र त्याच्याच म्हणण्याप्रमाणे जमा करावे लागते.

लॉकडाऊनच्या काळातील थकबाकीविषयी अजूनही विचारणा होते. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या गणनेतून वगळला होता. ती सवलत मोठी होती, परंतु ती धरूनही त्या काळातील भाड्याची मुदत २०२५ च्या मार्चच्या आरंभापर्यंत संपून गेली. मधल्या काळात लेखी कबुली अथवा सहीनिशी भरणा झाला असेल, तरच ते येणे जिवंत आहे.

देव हा कायद्याच्या दृष्टीने अज्ञान असतो, म्हणून देवस्थानाच्या पैशाला मुदत लागत नाही, असे काही मंडळी आग्रहाने सांगतात. या भरवशावर कोणी राहू नये. भाडे वसूल करण्याचे काम विश्वस्तांचे आहे, विश्वस्त सज्ञान आहेत आणि मुदतीचा कायदा त्यांना इतरांइतकाच लागू आहे.

व्याजाबाबत करारात काही लिहिले नसेल तर ते आपोआप मिळत नाही. व्याज अधिनियम १९७८ प्रमाणे, लेखी नोटिशीत व्याज मागितल्याचे नमूद केले असेल तर त्या तारखेपासून न्यायालय ते देऊ शकते. जुन्या मंडळींना ‘दामदुपट’ हा शब्द आठवेल. व्याज मुद्दलाहून अधिक वाढू द्यावयाचे नाही, हा तो हिंदू धर्मशास्त्रातील नियम. मुंबई इलाख्यातील न्यायालये तो हिंदू पक्षकारांना लावीत असत. आजच्या भाडेवसुलीशी त्याचा प्रत्यक्ष संबंध थोडा आहे, पण देवस्थानाने व्याजाचा हिशेब करताना तो मनात ठेवण्यास हरकत नसावी असे आम्हांस वाटते.

राहता राहिला भाडेनियंत्रणाचा प्रश्न. मध्य प्रदेश शासनाने ७ सप्टेंबर १९८९ च्या अधिसूचनेने, लोकन्यास अधिनियम १९५१ खाली नोंदलेल्या धार्मिक, शैक्षणिक व धर्मादाय न्यासांच्या जागांना स्थान नियंत्रण अधिनियम १९६१ मधून सूट दिलेली आहे. ही सूट जागा खाली करून घेण्याच्या संदर्भात महत्त्वाची आहे. निघून गेलेल्या भाडेकरूकडून थकबाकी मागण्यास तिची फारशी गरज पडत नाही.

लहान रकमेसाठी आम्ही लोकअदालतीचा मार्ग सुचवितो. जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल होण्यापूर्वीच प्रकरण नेता येते, त्यास कोर्ट फी लागत नाही. तेथे झालेला समझोता दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासमान मानला जातो आणि त्यावर अपील नसते. वीस-तीस हजारांसाठी दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे खेटे घालण्यापेक्षा, भाडेकरूस समोर बसवून चार हप्ते ठरवून घेणे दोन्ही पक्षांच्या हिताचे असते. समोरचा पक्ष आलाच नाही तर मात्र लोकअदालत काही करू शकत नाही, म्हणून तीन वर्षांची तारीख नजरेआड होऊ देऊ नये.

विजेचे बिल

येथे प्रथम मीटर कोणाच्या नावे आहे ते पाहावे. मीटर न्यासाच्या नावे असेल तर वीज कंपनीच्या दृष्टीने ग्राहक न्यासच आहे. भाडेकरू बिल न भरता गेला तर ते न्यासाने भरावयाचे आणि त्याच्याकडून वसूल करावयाचे. यात वादाला जागा नाही.

मीटर भाडेकरूच्या नावे असेल तर प्रश्न अवघड होतो. कायद्याच्या दृष्टीने करार त्याचा व कंपनीचा, सबब देणे त्याचे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ईशा मार्बल्सच्या प्रकरणात असे म्हटले होते की, जागा नव्याने घेणाऱ्याने आधीच्या ग्राहकाचे बिल भरण्याचे कारण नाही, कारण त्याने तो करार केलेलाच नव्हता. अनेक लोक अजून त्याच निर्णयाच्या आधारे भांडतात. परंतु त्यानंतर २००३ चा विद्युत अधिनियम आला आणि राज्यांच्या विद्युत नियामक आयोगांनी पुरवठ्याच्या संहिता केल्या. १९ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने के. सी. नायनन विरुद्ध केरळ राज्य विद्युत मंडळ या प्रकरणात निर्णय दिला. जागेवरील जुनी थकबाकी भरल्याशिवाय नवी जोडणी न देण्याची अट अशा संहितेत असेल तर ती वैध आहे, असे त्यात स्पष्ट झाले. तो वाद जागा विकत घेणाऱ्यांचा होता. पण अट जागेशी बांधलेली असली की मालक आणि नवा भाडेकरू या दोघांनाही तिची झळ लागते. नवा भाडेकरू देणेकरी ठरत नाही. त्याला वीज मात्र मिळत नाही. व्यवहारात दोहोंत फरक तो काय?

विद्युत अधिनियमाच्या कलम ५६(२) मध्ये दोन वर्षांची मर्यादा आहे. बिल पहिल्याने देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर ते वसूल करता येत नाही, पण प्रत्येक बिलात ते थकबाकी म्हणून सतत दाखविलेले असेल तर ही मर्यादा लागत नाही. उपरोक्त २०२३ च्या निर्णयाप्रमाणे ही मर्यादा वीज तोडण्याच्या अधिकारापुरती आहे. दिवाणी दाव्याचा मार्ग कंपनीला निराळा खुला असतो. त्यामुळे जुने बिल कोणी पुढे केले तर ते सरसकट फेटाळू नये अथवा लगेच भरूही नये. प्रथम मागील बिले मागवून, ती रक्कम अखंडपणे दाखविली जात होती किंवा नाही हे पाहावे. मूळ ग्राहकाची सुरक्षा ठेव कंपनीकडे जमा असते, ती थकबाकीतून वजा झाली आहे की नाही हेही विचारावे. बरेचदा ती वजा करावयाची राहून गेलेली असते.

आमच्या न्यासाने यासाठी एक पद्धत ठेविली आहे. भाडेकरू जागा सोडताना शेवटच्या दिवशी मीटरचे छायाचित्र घेतले जाते, त्यातील आकड्यावरून अंतिम बिल मागविले जाते, आणि ते भरल्याची पावती आल्यावरच अनामत परत दिली जाते. नव्या भाडेकरूस आमची सूचना अशी की, जागा घेण्यापूर्वी त्या मीटरचा आय.व्ही.आर.एस. क्रमांक मागून घ्यावा. आपल्या पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडे त्या क्रमांकावरून थकबाकी कळू शकते. भाडे, पाणी, रंगरंगोटी या सर्वांची चौकशी लोक बारकाईने करतात आणि हा आकडा विचारावयास विसरतात.

दारावर येणारे वसुलीवाले

जुना भाडेकरू गेल्यावर त्याच्या कर्जाची पत्रे, फोन आणि कधी प्रत्यक्ष माणसे येऊ लागतात. घरात वृद्ध माणसे अथवा एकटी राहणारी भगिनी असेल तर त्यांना याचा फार मनस्ताप होतो. त्यांनी घाबरू नये. ज्याच्या नावे कर्ज नाही आणि जो जामीनही नाही, त्याच्याकडे एक पैसाही मागण्याचा अधिकार कोणास नाही. कर्जफेडीची नोंद माणसाच्या नावे ठेवली जाते, घराच्या पत्त्यावर नव्हे. त्या खोलीत राहिल्याने आपले नाव खराब होते ही भीती निराधार आहे.

अशा माणसांना आपला करारनामा दाखवावा आणि ‘सदर व्यक्ती येथे राहत नाही’ एवढेच लेखी द्यावे. न्यासाच्या कार्यालयातून, जुन्या भाडेकरूने जागा कोणत्या तारखेस सोडली त्याचा दाखला आम्ही विनामूल्य देतो. तो जवळ ठेवावा. जुन्या भाडेकरूचा नवा पत्ता अथवा त्याच्या मुलीच्या सासरचा फोन क्रमांक देण्याचे बंधन कोणावर नाही, आणि तो देऊ नये असे आमचे मत आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ रोजी बँका व वित्तसंस्थांना बजावले आहे की, थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर कर्जदारास फोन करू नयेत, धाकदपटशा दाखवू नये आणि कर्जदाराच्या कुटुंबीयांना अथवा परिचितांना उपद्रव देऊ नये. कर्जदाराला जे संरक्षण आहे, त्याहून कमी संरक्षण तिऱ्हाइताला असण्याचे कारण नाही. त्रास चालूच राहिला तर त्या बँकेकडे लेखी तक्रार करावी, आणि दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे.

टपालाने आलेली पत्रे फोडू नयेत. पाकिटावर ‘जागा सोडून गेले’ असा शेरा लिहून ती पोस्टमनकडे परत द्यावी. न्यायालयाचे समन्स दुसऱ्याच्या वतीने सही करून घेऊ नये. बेलीफ सामान जप्त करावयास आला तर ते सामान आपले असल्याचे करारनाम्यासह सांगावे. तरीही जप्ती झाली तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ५८ प्रमाणे त्याच न्यायालयात हरकत घेता येते. सामानाच्या खरेदीची बिले जपून ठेवली असतील तर हे काम सोपे होते.

दुकानांच्या बाबतीत आणखी एक अडचण उद्भवते. जुन्या दुकानदाराची जी.एस.टी. नोंदणी आपल्याच पत्त्यावर चालू राहिलेली असते. त्याचा कर न्यासाने भरावयाचा नसतो, परंतु नव्या दुकानदाराने त्याच पत्त्यावर नोंदणी मागितली की चौकशी सुरू होते. नोंदणीच्या वेळी मालकाचे संमतिपत्र आपणच दिलेले असते. तेव्हा दुकान सोडताना नोंदणी रद्द केल्याच्या अथवा पत्ता बदलल्याच्या अर्जाची प्रत मागून घ्यावी.

कुलूप लावून गेलेली खोली

भाडेकरू नाहीसा झाला, खोलीला कुलूप आहे आणि आत त्याचे सामान आहे, ही स्थिती थकबाकीहूनही बिकट होय. कुलूप तोडून ताबा घ्यावा असा सल्ला पुष्कळ जण देतात. तो घातक आहे. जोपर्यंत भाडेकरूने ताबा सोडलेला नाही तोपर्यंत कुलूप हाच त्याचा ताबा आहे. न्यायालयाच्या आदेशाशिवाय ताबा घेतला तर स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात जागेचा मालक कोण हा प्रश्न विचारातही घेतला जात नाही. पुन्हा आत सोन्याचे दागिने होते असे त्याने म्हटले तर उत्तर काय देणार?

भाड्यापोटी सामान अडवून ठेवण्याचा सर्वसाधारण अधिकारही घरमालकाला नाही. भाडेकरूच्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर व गावाकडील पत्त्यावर पोच मिळणाऱ्या टपालाने नोटीस पाठवावी, पोलीस ठाण्यात लेखी सूचना द्यावी, आणि वकिलांमार्फत न्यायालयाचा आदेश घेऊन पंचांसमक्ष यादी करून खोली उघडावी. वेळ लागतो, खर्चही होतो. याला जवळची वाट आमच्या तरी माहितीत नाही. म्हणून जो भाडेकरू समक्ष जागा सोडतो त्याच्याकडून किल्ली परत केल्याची तारीख लिहून घेणे अगत्याचे आहे. त्या एका ओळीने ताबाही सुटतो आणि भाड्याची वाढही थांबते.

वडिलांचे देणे मुलांनी द्यावे काय?

वडील वारले, मुले दुसरीकडे स्थायिक झाली, भाडे थकलेले. मुले विचारावयास येतात ती बहुधा सचोटीची असतात. त्यांना आम्ही स्पष्ट सांगतो की, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० व ५२ प्रमाणे मृताच्या देण्यासाठी वारस जबाबदार असतो तो केवळ त्याच्या हाती आलेल्या वडिलांच्या मालमत्तेपुरता. वडिलांनी काहीच मागे ठेवले नसेल तर मुलाच्या स्वतःच्या कमाईतून ते वसूल होऊ शकत नाही. पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य, हा शास्त्रसंकेत आपल्या न्यायालयांनी दीर्घकाळ मानला होता. ९ सप्टेंबर २००५ पासून, हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्तीने, त्यानंतरच्या कर्जांसाठी केवळ या धर्मकर्तव्याच्या आधारावर मुलगा, नातू अथवा पणतू यांच्याविरुद्ध दावा चालू शकत नाही. वडिलांच्या पश्चात त्यांच्याच भाडेकराराने मुले राहत असतील, तर ती स्वतः भाडेकरू ठरतात आणि त्या काळाचे भाडे त्यांचे स्वतःचे देणे असते. हा फरक ध्यानात घ्यावा.

मागावे की सोडावे?

न्यासाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक प्रश्न हाच आहे. खाजगी घरमालकाने एखाद्या विधवेचे दहा महिन्यांचे भाडे सोडून दिले तर ते त्याचे औदार्य होय. विश्वस्तांनी सोडले तर ते दुसऱ्याच्या पैशावरचे औदार्य ठरते. होळकरशाहीत ‘खासगी’ आणि ‘दौलत’ हे दोन कोश वेगळे राखले जात, ही गोष्ट इंदूरकरांस सांगावयास नको. देवाचा पैसा आणि विश्वस्तांची दया यांचेही कोश वेगळेच असावयास हवेत.

म्हणून देवस्थानाने कधीच काही सोडू नये असे मात्र नाही. ज्या वसुलीस येण्याहून खर्च अधिक, ज्याच्यापाशी देण्यास काहीच उरले नाही, अथवा जे वृद्ध व निराधार आहेत, त्यांच्यामागे लागणे हे देवस्थानास शोभणारे नाही व फायद्याचेही नाही. परंतु तसा निर्णय विश्वस्त मंडळाच्या बैठकीत, कारणासह, रकमेसह आणि ठरावाने व्हावा, व तो वार्षिक लेखापरीक्षणात दिसावा. आपल्याकडे बहुधा असे होते की, संकोचापायी कोणी विषय काढीत नाही, तीन वर्षे उलटतात आणि रक्कम आपोआप बुडते. मग ओळखीच्याचे भाडे असेच बुडते आणि अनोळख्यास नोटीस जाते. याला दया म्हणता येणार नाही. एखाद्या विश्वस्तास कोणाची कणव आली तर त्याने ती रक्कम स्वतःच्या खिशातून भरून त्या भाडेकरूच्या नावे पावती करावी. असे करणारे विश्वस्त या न्यासात होऊन गेले आहेत.

मिलवस्तीतील भाडेकरूंचा विषय याच संदर्भात आमच्या बैठकीत निघाला होता. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांचे वेतन व इतर देणी अडकली, आणि त्या कुटुंबांनी भाड्याच्या खोल्या एकामागून एक सोडल्या. ज्याला स्वतःचेच येणे बत्तीस वर्षे मिळाले नाही, तो भाडे कोठून देणार? २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यांपोटी सुमारे २२४ कोटी रुपये शासकीय अवसायकाकडे सुपूर्द झाले. अनेकांच्या बाबतीत ती रक्कम घेण्यास वारसच उरले होते. आता त्यांच्या हाती पैसा आला आहे, तर जुन्या वहीतील भाडे मागावे काय, असे एका सभासदाने विचारले. कायद्याने ते केव्हाच मुदतीबाहेर गेलेले होते. मंडळाने मागू नये असे ठरविले. जे आपण होऊन देतील त्यांचे घ्यावे व ‘जुने भाडे’ या शीर्षाखाली रीतसर पावती द्यावी, देणगी म्हणून घेऊ नये, असेही त्याच ठरावात आहे. मुदत संपली तरी देणे नाहीसे होत नाही, मागण्याचा मार्ग तेवढा बंद होतो. त्यामुळे असे घेतलेले पैसे परत करावे लागत नाहीत. करार अधिनियमाच्या कलम २५(३) प्रमाणे मुदतीबाहेरचे देणे फेडण्याचे सहीनिशी लेखी वचनही बंधनकारक असते.

दोन घरांतून अशी रक्कम आली. देणाऱ्यांचा आग्रह होता की पावती वडिलांच्या नावे व्हावी. तशी ती दिली आहे.

पावतीपुस्तकाचा सुधारित नमुना, जागा सोडल्याचा दाखला व किल्ली परत केल्याची नोंद यांचे कोरे कागद कार्यालयात ठेविले आहेत. इतर न्यासांस ते हवे असल्यास प्रती नेता येतील. ज्या भाडेकरूंच्या वीज मीटरवर अद्याप पूर्वीच्या भाडेकरूचे नाव आहे, त्यांनी अलीकडचे बिल घेऊन कार्यालयीन वेळेत यावे, म्हणजे नावबदलाचा अर्ज न्यासाच्या संमतिपत्रासह करता येईल.

कार्यवाह
विश्वस्त मंडळाच्या वतीने